पॅटर्न परत पाठवताना

पॅटर्न परत मागणारा मेल आला त्या दिवशी मी आधी डबा खाऊन घेतला. शिरोलीच्या एका फौंड्रीत मी बावीस वर्षं निर्यातीची कागदपत्रं बघते आहे. तेवढ्या काळात एवढं कळलं आहे की वाईट बातमी अर्धा तास थांबली तरी तिचं काही बिघडत नाही, भाकरी मात्र वातड होते. मेथीची भाजी होती. खाल्ली, हात धुतले आणि मालकांच्या केबिनमध्ये जाऊन म्हणाले, "पंपाचा पॅटर्न मागितलाय त्यांनी."

मालकांनी मान वर केली नाही. पुढ्यातल्या कागदावर पेन तसंच टेकवून ठेवलं. "परत पाठवा म्हणतात?"

"त्यांच्याकडे परत नाही. मेक्सिकोतल्या फौंड्रीचा पत्ता दिलाय."

फौंड्री म्हणजे लोखंड वितळवून ओतायचा कारखाना. जी वस्तू हवी तिचा आधी लाकडी नमुना करतात, तो पॅटर्न. तो वाळूत दाबायचा, अलगद काढून घ्यायचा आणि मागे जी पोकळी राहील तिच्यात लोखंड ओतायचं. पॅटर्न गिऱ्हाइकाचा असतो, आमच्याकडे फक्त वापरायला असतो. गिऱ्हाईक दर पाडून मागो, ऑर्डर निम्मी करो, सहा महिने तोंड न दाखवो, पॅटर्न रॅकवर आहे तोवर काम आपलं असतं. पॅटर्न गेला की ते काम गेलं. आमच्या वसाहतीत कुणी म्हणालं की अमक्याचा पॅटर्न उचलला, तर पुढचं कुणी विचारत नाही.

हा पॅटर्न एका अमेरिकन कंपनीच्या पंपाचा होता. अठरा वर्षं तो पंप आम्ही ओतत होतो आणि त्याच एका कामावर आमची दुसरी पाळी चालायची. तीस-पस्तीस माणसं आणि आमचं पॅटर्न शॉप. म्हणजे पॅटर्न गेला तर काय काय जाणार हे आम्हाला दोघांनाही केबिनमध्ये न बोलता कळलं होतं.

कारण सगळ्या जगाला माहीत असलेलंच. अमेरिकेनं आपल्या मालावरचं शुल्क वाढवलं, मग काही आठवड्यांत दुप्पट केलं. का, तर आपण दुसऱ्या कुणाकडून तेल घेतो म्हणून. आता आमच्या फौंड्रीत कुणी कुणाकडून तेल घेतलं होतं? आम्ही रोज घेतो ते शेंगतेल, तेही कँटीनला. पण शुल्क लागलं आमच्या पंपाला. त्या कंपनीचा माणूस चांगला होता. त्यानं दोन महिने निम्मा बोजा उचलला, आम्ही निम्मा उचलला, आणि मग त्याच्या वरच्यांनी त्याला सांगितलं की पुरे.

मला राग फक्त अमेरिकेचा आला असता तर बरं झालं असतं, निदान तो लांबचा राग असता. पण इतकी वर्षं हे काम करून माझा राग सगळीकडे पसरला आहे. निर्यातीवर सरकार थोडंफार परत द्यायचं ती योजना बंद झाली, तिच्या जागी दुसरी आली, नाव लांब आणि रक्कम आखूड. तिचं पोर्टल दुपारी चालत नाही. वीज आमच्याकडे महाग, आणि कागलच्या पुढं हद्द ओलांडली की कर्नाटकात स्वस्त. तिकडचे अधिकारी इकडे येऊन हॉटेलात जेवण देऊन सांगतात, या आमच्याकडे, जागा देतो. आमचे लोक दर दोन वर्षांनी जाहीर करतात की आम्ही सगळे कर्नाटकात जाणार, मग मंत्री बैठक घेतात, मग कुणीच कुठं जात नाही आणि वीजही स्वस्त होत नाही. या बैठकांची कात्रणं काढून ठेवायचं कामही माझ्याकडेच आहे. फाइल फुगली म्हणून मध्ये दोरा बदलला.

शुल्क दुप्पट झाल्यावर निर्यातदारांसाठी एक मार्गदर्शन शिबिर झालं. मालकांनी मलाच पाठवलं, त्यांना म्हणे पित्त झालं होतं. पुढं पडद्यावर नकाशा होता आणि त्यावर बाण होते. साहेब तरुण होते, भाषा गोड होती. त्यांनी सांगितलं की हे संकट नसून संधी आहे, एकाच बाजारपेठेवर अवलंबून राहू नका, युरोपात बघा, आफ्रिकेत बघा. मी हात वर करून विचारलं, "साहेब, युरोप आता लोखंड ओतताना धूर किती झाला त्याचा हिशोब मागतंय. तो भरायचा कसा?" साहेब म्हणाले, "छान प्रश्न आहे," आणि पुढच्या चित्रावर गेले. शेवटी उपमा आणि चहा होता. उपमा खरंच बरा होता, खोटं कशाला बोलू.

तर पॅटर्न. तो मिस्त्रींच्या ताब्यात असायचा. मिस्त्री म्हणजे आमचे पॅटर्न मेकर, नागावचे, साठी ओलांडलेले, सुताराच्या घरातले. मालकांच्या वडिलांनी त्यांना कामावर घेतलं होतं. मी नवीन होते तेव्हा त्यांनी मला पॅटर्न शॉपच्या बाहेर उभं करून सांगितलं होतं, "ताई, चप्पल हितंच काढा. आत लाकूड हाय." देवळात सांगावं तसं. मी तेव्हा हसले होते, पण चप्पल काढली होती आणि नंतर ती सवयच झाली.

मेल आल्याचं सांगायला मी गेले तेव्हा ते रंधा मारत होते. ऐकलं, रंधा बाजूला ठेवला, आणि रॅकवरून तो पॅटर्न दोघातिघांच्या मदतीनं खाली उतरवून बाकावर पालथा घातला. अठरा वर्षांत मी त्याची खालची बाजू कधी बघितली नव्हती. कागदावर त्याचं वजन, माप, नंबर हजार वेळा लिहिला असेल. खालच्या बाजूला पेन्सिलीनं लिहिलेलं होतं, बारीक, ओळीखाली ओळ. "हा कोपरा फाटतो. कातडं घातलंय. काढू नये." "इकडून लोखंड सोडू नये. आडवं सोडावं." "ही कड दीड सूत घासली. आता सुटतो." "पावसाळ्यात वाळू ओली राहते. थांबावं." अशा अकरा सूचना होत्या.

त्यांनी मला समजावून सांगितलं तेव्हा कुठं मला कळलं की हा पॅटर्न अमेरिकेहून आला तेव्हा मुळात चुकीचा होता. चुकीचा म्हणजे ड्रॉइंगला बरोबर, पण ओतायला अवघड. पहिल्या वर्षी निम्मा माल भंगारात गेला होता. लोखंड थंड होताना आकसतं आणि एका तीक्ष्ण कोपऱ्यात दर वेळी चीर पडायची. मिस्त्रींनी त्या कोपऱ्यात चामड्याची पट्टी चिकटवून त्याला गोलाई दिली. मग कुठं खाचा बुजवायची लांबी भरली, कुठं घासलं, लोखंड आत शिरायची वाट बदलली. असं करत करत पाच-सहा वर्षांनी तो असा झाला की नवीन माणसानं ओतला तरी माल पास व्हायचा. यातलं काहीही ड्रॉइंगवर नव्हतं. त्या कंपनीलाही माहीत नव्हतं. त्यांना वाटायचं, कोल्हापूरचे लोक ओततात चांगलं.

संध्याकाळी पाळी सुटायच्या आधी मालक स्वतः पॅटर्न शॉपमध्ये आले. त्यांनीही चप्पल काढली. पॅटर्नभोवती एक चक्कर मारून म्हणाले, "मिस्त्री, कातडं काढायचं. लांबी खरवडायची. वाट जुन्या जागी. जसा आला तसा पाठवायचा, ड्रॉइंगप्रमाणं."

मिस्त्रींनी कातड्यावरून अंगठा फिरवला.

"त्यांनी जे दिलं ते त्यांना परत. आपलं आपल्यापाशी. बघू दे मेक्सिकोवाल्याला किती माल पास होतोय. सहा महिन्यांत रडत येतील की न्हाई बघा."

मालक कपटी माणूस नाही. गेल्या दोन महिन्यांत त्यांचे केस पांढरे झालेले मी समोर बघितले आहेत. त्यांचं म्हणणं कायद्यानंही बरोबर होतं, व्यवहारानंही बरोबर होतं. मी मनातल्या मनात म्हटलं, बरोबर आहे, काढा कातडं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पॅकिंगच्या पेटीसाठी मापं घ्यायला गेले तर मिस्त्री पॅटर्नला पॉलिश करत होते. जुनं चामडं काढलं होतं खरं, आणि त्या जागी नवीन लावलं होतं. जुनं झिजलं होतं म्हणे.

"मिस्त्री, मालकांनी काय सांगितलं?"

"ऐकलं की."

"मग?"

त्यांनी फडकं खाली ठेवलं. "ताई, शेजारणीनं आमटीचा डबा दिला, तर धुऊन मोकळाच परत देता व्हय तुमी?"

मी मापाची टेप उलगडली.

"चिमूटभर साकर तरी घालताच की. मग आठरा वर्सं ज्यानं आपल्या घरात डबा पाठवला, त्येला मोकळं भांडं दिऊ? आन त्येबी खरवडून? मला न्हाय जमायचं. मालकास्नी सांगायचं आसंल तर सांगा."

मला संताप आला. खरंच आला. मी म्हणाले, "मिस्त्री, ते शेजारी नाहीत आपले. त्यांना तुमचं नावसुद्धा माहीत नाही. दुसऱ्या पाळीची माणसं घरी बसणार आहेत आणि तुम्ही त्यांना साखर घालून देताय."

"घरी बसत्यात ती सरकारांच्या भांडणानं. त्यात पॅटर्नचा काय गुना?" असं म्हणून ते परत पॉलिशला लागले. मग जरा वेळानं, माझ्याकडे न बघता म्हणाले, "आसा गेला तर त्यास्नी कळंल तरी आपली मानसं कशी हाईत ती. आन काम फिरून इकडंच इल. बघा तुमी."

मी मापं घेऊन वहीत लिहिली. मग त्यांनी विचारलं, "ताई, ह्ये मागं लिवल्यालं त्यास्नी वाचता यायचं न्हाय न्हवं?"

मी ते इंग्रजीत टाइप करून दिलं. कुणी सांगितलं नव्हतं, उलट मी जाऊन मालकांना सांगायला हवं होतं. पण त्या दिवशी सकाळपासून मी एका योजनेचा अर्ज भरत होते, ज्यात 'आपल्या उत्पादनातील नावीन्य पाचशे अक्षरांत लिहा' असा रकाना होता, आणि मी त्यात तेच ते थापेबाज शब्द चौथ्यांदा लिहीत होते. मिस्त्रींच्या त्या अकरा ओळी समोर ठेवल्या आणि वाटलं, वर्षानुवर्षं कागद काळे करताना खरं आणि उपयोगाचं असं हे पहिल्यांदाच टाइप करतेय. म्हणून केलं. शब्दकोश काढून केलं. 'पावसाळ्यात थांबावं' पाशी अडले, कारण मेक्सिकोत पावसाळा कधी असतो मला माहीत नव्हतं, तरी लिहिलं. कागदाला लॅमिनेशन करून घेतलं आणि मिस्त्रींनी तो पेटीच्या झाकणाला आतून चार खिळे मारून ठोकला.

पॅटर्न पाठवण्याचे कागद करायला मला नऊ दिवस लागले. आपलं काम दुसऱ्या देशाला द्यायलासुद्धा सरकारची इतकी परवानगी लागते हे मला या वयात नव्यानं कळलं. लाकडाचा नमुना म्हणजे लाकूड, की यंत्राचा भाग, की साचा? त्याचा कोड कोणता? मूळ आला तेव्हाचा कागद आणा. पेटीच्या लाकडाला कीड नसल्याचा दाखला आणा. मी सगळं आणलं. शेवटची सही मात्र उभ्या उभ्या मिळाली; ही तत्परता माल पाठवताना कधी दिसली असती तर मी पेढे वाटले असते.

पेटी ट्रकवर चढली तेव्हा मिस्त्री बाहेर आले नाहीत. मालक आले होते. त्यांनी पेटीवर एकदा थाप मारली आणि आत गेले. झाकण उघडून बघितलं नाही.

चार महिन्यांनी त्या अमेरिकन माणसाचा मेल आला. पहिल्याच ओतणीत माल पास झाला होता. त्यानं लिहिलं होतं की मेक्सिकोतले लोक त्या सूचनांच्या कागदावर फार खूश आहेत, विशेषतः पावसाच्या सूचनेवर, आणि ज्या कुणी तो लिहिला त्याला आमचे आभार कळवा. मेल मालकांनाही गेला होता. मला केबिनमध्ये बोलावणं आलं.

"कागद कुणी दिला?"

"मी टाइप केला. सूचना मिस्त्रींच्या."

"आणि कातडं?"

"होतं."

मालक खिडकीतून बाहेर बघायला लागले. आवारात भंगाराचा ढीग होता, बाकी बघण्यासारखं काही नव्हतं. मग म्हणाले, "इंग्रजी चांगलं आहे मॅडम तुमचं." त्यांनी शिव्या दिल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

मी मिस्त्रींना जाऊन सांगितलं की माल पास झाला. त्यांनी एकच विचारलं, "कोपरा फाटला न्हाय न्हवं?"

"नाही."

त्यांचा चेहरा असा खुलला की काय सांगू. त्यांनी पॅटर्न शॉपमधल्या सगळ्यांना चहा सांगितला, मलाही कप हातात दिला. पॅटर्नची रॅकवरची जागा त्यांनी रिकामी ठेवली होती. शेजारच्या रॅकवर पॅटर्न एकावर एक रचलेले असताना या एका जागेवर ते कुणाला काही ठेवू देत नव्हते. रोज सकाळी तिथली धूळ पुसायचे. चहा पिता पिता त्यांनी त्या जागेकडे मान केली आणि म्हणाले, "आता बघा."

आणि पुढं काही दिवसांनी खरंच पेपरात आलं की शुल्क कमी होणार. वसाहतीत कुणीतरी फटाके लावले. आमच्याकडेही दोघातिघांनी मला येऊन विचारलं की दुसरी पाळी कधी सुरू होणार. दुसरी पाळी पॅटर्न गेल्यापासून बंदच होती. माणसं इकडं तिकडं लागली होती, काही ऊसतोडीच्या ट्रॅक्टरवर, काही घरात. मालकांनी त्याच दिवशी स्वतः मेल लिहिला, मला फक्त तपासायला दिला. दर आधीपेक्षा कमी लावला होता. पॅटर्न इकडे परत आणायचा खर्चही आम्ही करू असं लिहिलं होतं.

उत्तर दोन दिवसांत आलं. शुल्क कमी होतंय याचा त्याला मनापासून आनंद झाला होता. मात्र तिकडे माल आता अगदी सुरळीत चालला आहे, एकही तुकडा परत आलेला नाही, त्यामुळे पॅटर्न पुन्हा हलवावा असं वरच्यांना सांगायला त्याच्याकडे कारण उरलेलं नाही. आमच्या त्या उत्तम कागदाबद्दल त्यानं पुन्हा एकदा आभार मानले होते.

मालकांनी वाचलं आणि स्क्रीन माझ्याकडे वळवली. "कातडं काढलं असतं, तर आज पॅटर्न हितं असता," एवढंच म्हणाले. मिस्त्रींनी चामडं लावलं आणि मी कागद टाइप केला. आम्हाला दोघांना चांगलं वागायची हौस आणि त्याचे भोग पस्तीस घरांना. मग रात्री वाटतं, खरवडून पाठवला असता तर मिस्त्री तेच मिस्त्री राहिले असते का? हे दोन्ही मी इतक्या वेळा उलटसुलट करून बघितलं आहे की आता त्याचाही कंटाळा आला आहे.

मिस्त्रींना मी हा दुसरा मेल सांगितला नाही. आज सांगू, उद्या सांगू असं करत राहिले. महिन्याभरात पॅटर्न शॉप बंद करायचं ठरलं. जे थोडं काम उरलं होतं ते बाहेरून करून घेणार होते, संगणकावर, प्लास्टिकमध्ये. मालकांनी मिस्त्रींना स्वतः बोलावून सांगितलं, शालबिल दिली, आणि कागदाचा विषय शेवटपर्यंत काढला नाही. त्यासाठी मी त्यांची ऋणी आहे.

शेवटच्या दिवशी मिस्त्री आपली हत्यारं पोत्यात गुंडाळून माझ्या टेबलापाशी आले. किल्ली टेबलावर ठेवली.

"ताई, ती जागा मोकळीच ऱ्हाऊ द्या. न्हायतर कुनी कायबी कोंबंल तितं."

"राहू दे."

"आन पॅटर्न आला की पैलं कातडं बघा. तिकडची हवा कोरडी आसंल तर ते सुटतंय. तसंच वतू नगा, मला बोलवून घ्या. लिवून घ्या पत्ता."

नागावात त्यांच्या घरी मी किमान चार वेळा जेवले आहे. मी पेन घेतलं. ते सांगत गेले, दूध संस्थेच्या मागं, डाव्या हाताला, पत्र्याचं निळं दार, आणि मी सगळं लिहून घेतलं.